मुदत

पिरेयसच्या धक्क्यामागे, दोरखंडांच्या दुकानावर
आमची खोली. बेटांच्या बोटींची तिकिटं इथून सुटतात:
नाक्सोस, सिरोस, अमोर्गोस,
गाडीसकट, कुत्र्यासकट, उघड्या डेकवरची.

तीन वर्षं क्लस्टर मी हातानं सांभाळला.
तीन मुख्य नोड, त्यांना मावश्यांची नावं:
झाम्बेता, फोतिनी, मार्गारो.
फोतिनी उन्हाळ्यात तापायची.
तिची डिस्क मी बदलली, गुडघ्यांवर बसून, दातांत टॉर्च धरून.
रोज रात्री बॅकअप,
आई संताच्या तसबिरीपुढं तेल घालते
तसा, न चुकता.

चुकलं ते दुसरंच.
चौदा ऑगस्ट. उद्या मरियेचा सण,
अर्धं अथेन्स बेटांकडे निघालेलं.
पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
सर्टिफिकेटं संपली.
वर्षापूर्वी मीच काढलेली, वर्षाच्याच मुदतीची.
तारीख पिवळ्या कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवली होती.
पंख्यानं तो कागद कधीच टेबलामागं नेला होता.

चालू होतं ते चालू राहिलं,
नवं काही उभं राहीना.
रांग धान्याच्या गोदामापर्यंत गेली,
आणि पांदेलिस मालाच्या पावत्यांच्या पाठीवर
बॉलपेननं तिकिटं लिहीत बसला.
एक म्हातारी म्हणाली, पूर्वी असंच होतं की!
तिला त्यात आनंदच झाला.

सप्टेंबरात मालकांनी सही केली.
आता वरचं सगळं फ्रँकफुर्टचे लोक बघतात.
मावश्या मी एकेक करून बंद केल्या.
महिन्याला बिल येतं, झोप येते.
मार्चमध्ये एक पॉड पुन्हा पुन्हा मरत होता.
त्यांनी अदबीनं कळवलं:
आमच्या बाजूनं सारं ठीक आहे.
होतंच. मेमरीची मर्यादा मी घातली होती,
एक शून्य कमी.

बाबांना सांगितलं. चाळीस वर्षं सुकाणूवर काढलेला माणूस.
म्हणाले, बंदराच्या तोंडाशी पायलट चढतो,
डावीकडे म्हणतो, उजवीकडे म्हणतो,
आपण ऐकतो, त्याला पाणी ठाऊक असतं.
पण बोट भिंतीला लागली
तर तो आपल्या होडीतनं घरी जातो,
चौकशीच्या कागदावर नाव कप्तानाचं.
मग ऑलिव्हची बी बशीत टाकत:
आणि काय म्हणता तुम्ही त्या यंत्राला? कुबरनेटिस?
अगं, किवेर्नीतिस! आमचाच शब्द.
परदेशात जाऊन उच्चार बिघडवून आलाय.

अजून तीन-दहाला जाग येते.
लॅपटॉप उघडते. सगळं हिरवं.
फोतिनीची जुनी डिस्क कागदांवर वजन म्हणून ठेवलीय,
थंडगार.
काल फ्रँकफुर्टहून निरोप आला:
तुमच्या आवृत्तीची मुदत संपत आहे,
नव्वद दिवसांत बदला, नाहीतर आम्ही बदलू.

मी टेबल ओढून
भिंतीपासून जरा लांब केलं,
आणि पिवळा कागद शोधला.