वाळू दिसली काय?

सोहारच्या या खोलीला खिडकी नाही.
बाहेर सत्तेचाळीस अंश,
आत अंधार, आणि पडद्यावर
एक ओला गुलाबी बोगदा.

मिरजेहून आले तेव्हा डॉक्टर अजून
नळीच्या टोकाला डोळा लावून एकटेच बघायचे.
ते सांगत, मी वहीत लिही.
पहिली काही वर्षं जंतांची:
मोठ्या आतड्याच्या मुळाशी बारीक कृमी,
उजेड पडला की हलायचा,
कुणी ओळखीचं दिसल्यासारखा.
अमिबाचे व्रण. दोनदा क्षय.
बांधकामावरची पोरं, कागदावर पंचवीस,
ओठावर नुकतं मिसरूड.

मग जंत गेले. वहीचा संगणक झाला,
शब्द बदलले: पॉलिप. पिशव्या. पुन्हा पॉलिप.
पोरं तीच होती.
आता त्यांचे पट्टे शेवटच्या भोकावर होते.

दाऊद होडेकर, गाव दाभोळ, सिमेंटचा टँकर.
२००६: मूळव्याध, बाकी ठीक.
गुंगीच्या सुईने जीभ सैल झाली तसं विचारलं,
"सिस्टर, आत वाळू दिसली काय?"
म्हटलं, पाटीभर.
हसत हसत झोपला.

२०१३: डाव्या वळणावर पॉलिप, देठ जाड,
सोळा मिलिमीटर. तारेचा फास टाकून काढला.
शेजारी काळ्या शाईचा ठिपका टोचला,
पुढच्याला जागा सापडावी म्हणून.
पेशींची चाल ठीक नव्हती.
एक वर्षाने यावे.

एका वर्षाने कंपनी बुडाली.
मग धाकटीचं लग्न. मग नवा कफील,
त्याच्याकडे विम्याचं कार्डच नाही.
मग साथ आली, आमच्याच खोलीला कुलूप.
दर जानेवारीत मी त्याच्या नावापुढे लिही:
संपर्क नाही.
पोट हातावर असलं की
पोटातलं मागे राहतं.

२०२२. दाढीला मेंदी, वजन बारा किलो कमी.
मी त्याच्या पट्ट्याकडे बघितलं,
खिळ्याने पाडलेली नवी भोकं,
आणि नजर काढून घेतली.
"साखर लागलीय," तो म्हणाला.
"काल तुमचं चार लिटर पाणी प्यालो,
अर्धा समुद्र संपवला."
या वेळी वाळूचं विचारलंच नाही.

डाव्या वळणापाशी कुणी बोललं नाही.
आधी शाई दिसली,
निळसर पसरलेली, आजीच्या मनगटावरच्या गोंदणासारखी.
तिच्याशेजारी पांढरा, चांदणीएवढा व्रण, जुना.
आणखी काही नाही.
डॉक्टरांनी दोनदा फिरून बघितलं.
एका फोटोच्या जागी मी तीन काढले.

जाग आल्यावर म्हणाला,
व्हिसा कॅन्सल झालाय, पुढच्या महिन्यात कायमचा चाललो.
आणि मग, उशिरा:
"वाळू?"
नाही, म्हटलं. शाई आहे थोडी. ती राहणार.
तो छताकडे बघत बराच वेळ विचार करत होता.
"कस्टमवाले सोडतील ना?"

अहवालाच्या तळाशी रकाना असतो,
पुढील तपासणी: तीन वर्षांनी. ठिकाण:
सोळा वर्षं तिथं छापील सोहार आहे.
मी ते खोडून दापोली लिहिलं.