बारा एमएम

क्लेमॅटिस हे नाव मला अजून नीट घेता येत नाही.
शालन तिला नुसतं पाहुणी म्हणते.
तेजूनं उटीहून आणली, बिस्किटाच्या पुड्याएवढ्या पिशवीत,
आणि पप्पा बघा हं, म्हणून पुण्याला गेली.

मी बघितलं.
उद्यमनगरात एकतीस वर्षं ओतकाम केलेला माणूस बघतो, तसं.
गच्चीच्या कठड्याला बारा एमएमची सळई,
चौकोन चौकोन वेल्डिंग, वर रेड ऑक्साइडचा हात.
हत्ती बांधला तरी हलायची नाही.
वेलही हलली नाही. चढलीच नाही.
दोन महिने पायथ्याशी अवघडून उभी,
उधार मागायला आल्यासारखी.

शेवटी कळंब्याच्या इलाही बागवानाला स्कूटरवर बसवून आणलं.
त्यानं सळई बघितली, मग मला.
"मालक, हिला हात न्हाईत. ही पानाच्या देठानं धरती.
देठ केवढं, सुतळीएवढं. मिठी केवढी मारंल?
ह्यो खांब हिच्या कवेत बसतोय व्हय?"

मग तंगूस आणली, मासे धरायची.
तिसऱ्या दिवशी एका देठानं वळसा घेतला.
मी बोटानं दाबून बघितला, पक्का आहे का.
तुटला.

पाय सावलीत पाहिजेत, डोकं उन्हात.
भट्टीवर माझं बरोबर उलटं होतं.
बुडाशी फुटकी कौलं रचली, कुंडी विटांवर उचलली,
नाहीतर श्रावणात आमच्या गच्चीवर पंचगंगा येते
आणि मुळं कुजतात, आवाज न करता.

दिवाळीच्या झाडलोटीत मी तिला छाटली. मस्त, शिपाई कटिंग.
इलाहीनं कपाळाला हात लावला.
"ही जुन्या काडीवर फुलती.
औंदाची फुलं तुम्ही केरात घातली."
विचारून कापायला काय झालं होतं,
शालन म्हणाली. वेलीबद्दलच म्हणाली असावी.

वैशाखात एका सकाळी मान टाकलेली.
आदल्या रात्री ताठ होती, मी हात फिरवून झोपलो होतो.
तहान म्हणून बादलीभर पाणी ओतलं. तहान नव्हती ती.
बुडाशी देठ काळा पडलेला, वर सगळं आयतंच मेलेलं.
"भुईसपाट कापा," इलाही फोनवर, "कात्री डेटॉलनं पुसा,
काडी जाळा, खतात टाकू नका.
खाली दोन डोळं हाईत. मी मुद्दाम खोल पुरल्यात,
उसाच्या कांडीवानी."

नुसत्या मातीला सात आठवडे पाणी घातलं.
शेजारच्या चौगुल्यांनी विचारलं, काय लावलंय?
मी म्हणालो, डोळे.

आषाढात कोंब आला. लालसर, तांदळाएवढा.
सकाळी नव्हता. जागेवर चांदीची रेघ.
दुसराही तसाच गेला.
गोगलगायी, म्हणाला इलाही. बशीत बियर ठेवा, वासावर येत्यात.

अकरा वर्षांनी त्या जाळीपुढं उभा राहिलो.
माणूस तोच. केस पिकलेत. त्यानं ओळखलं, बोलला नाही.
बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून आणली
आणि शालनच्या हातात दिली. तूच ओत.
तिनं झाकण उघडलं, तोंड फिरवलं,
बशी भरली, उरलेली मोरीत.
मोरीचा नळ बराच वेळ चालू ठेवला तिनं.

रात्री गच्चीवर टॉर्च घेऊन दोघं बसलो.
एक आली. शिंगं काढत, थांबत, सावकाश,
काठावर टेकली, आत वाकली.
मला पुढचं माहीत होतं. मी टॉर्च विझवला.

सकाळी बशीत नऊ.
कौलाआड तिसरा कोंब, अर्धा खाल्लेला, तरी उभा.
फूल अजून नाही. रंगसुद्धा माहीत नाही आम्हांला.
तेजूला विचारलं तर ती म्हणाली, पाटीवर जांभळा होता, बहुतेक.

पन्हाळ्याच्या घाटात हिचीच रानटी बहीण
काटेरी तारेवर पांढरी पसरलेली असते, रानजाई.
तिला कुणी विचारत नाही, तार किती एमएमची पाहिजे.

शालननं आज तंगूस थोडी सैल केली.
मी फक्त टोक धरलं होतं.