मिटलेली कळी

सुओ चित्रकाराकडे मी रंग कुटायचो,
शाजोउजवळच्या लेण्यांत, वाळूच्या डोंगराखाली.
हिंगूळ सात दिवस. लाजवर्द नऊ.
आणि हरताळ?
तो कुणाच्या कामावर फासायचा नसतो,
झांजेच्या वाटीत भरायचा असतो,
मग ती वाजते.

उत्तरेच्या भिंतीवर सुखावती उभी राहत होती.
अमिताभाचे डोळे अर्धे मिटलेले,
पुढ्यात तळं, तळ्यावर सज्जा,
सज्जावर सोळा वादक.
वर आकाशात ढोल, शंख, पिपा
फितींनी बांधलेली, कुणाच्याच हातात नसलेली.
"तिथे कुणी वाजवत नाही," सुओ म्हणायचा. "वाजतं."
मग हे सोळा जण कशाला?
तो कुंचला चाटून टोक काढत म्हणाला,
"सोळा जणांची मजुरी मिळते म्हणून."

मधल्या गोल गालिच्यासाठी सराईतून चात आली.
समरकंदची. टाचेला भेगा, कानात एकच डूल.
तिळाच्या तेलाचे तीन दिवे लावले
आणि ती अशी फिरली
की तिघांच्याही ज्योती तिच्याकडे वळल्या.
सुओला तिचा चेहरा सापडेना.
"थांब," तो ओरडला, "पिपा पाठीमागे धर
आणि तशीच वाजव, मान वळवून."
चात हसली. "असं कुणी वाजवत नाही.
खांदा निखळेल."
"सुखावतीत खांदे दुखत नाहीत."
"मग तिथल्याच कुणाला तरी बोलवा,"
म्हणाली, आणि धरली.
मी मोजत होतो. सदतीस श्वास.
उरलेला दिवस तिला उजव्या हाताने वाटी उचलता आली नाही.

भिंतीचे पैसे यिनबाईंचे.
दर पौर्णिमेला गाढवावरून यायच्या,
खजुराची पिशवी आणायच्या, बोलायच्या नाहीत.
त्यांचा फोनू सात वर्षांचा होता.
तळ्यात खाली डाव्या कोपऱ्यात
सुओने त्याला कमळात ठेवला होता.
कळी मिटलेली, आत पोर बसलंय
एवढंच पुसट, पाकळीआडून.

त्या दिवशी बाई खूप वेळ पाहत राहिल्या.
मग विचारलं, "यातलं मोठ्याने वाजणारं कोणतं?"
सुओने आकाशातला ढोल दाखवला.
"फार लांब आहे," बाई म्हणाल्या.
"त्याची झोप गाढ. त्याला हलवावं लागायचं.
नुसतं वाजून तो उठायचा नाही."

सुओ गप्प. मी खलबत्त्यात उगाच हात फिरवत होतो.

चात पैसे न्यायला आली होती.
भिंतीवरच्या स्वतःकडे पाहून म्हणाली,
"माझा पाय गालिच्याला टेकलेलाच नाही.
सगळं आयुष्य वर उचललेला.
खाली येतो तेव्हाच तर आवाज होतो!"
आणि तिने लेण्याच्या फरशीवर
भेगाळलेली टाच आपटली.
एकदाच.

छतातून मूठभर वाळू गळली.
बाहेर डोंगर गुणगुणला,
वारा पडला असतानाही गुणगुणतो तसा.
यिनबाईंचा हात नकळत पुढे झाला,
खांद्याला धरून हलवायला जातो तसा,
आणि ओल्या भिंतीपासून
चार बोटं अलीकडे थांबला.

सुओने गालिचा बदलला नाही.
पाय अजून हवेतच आहे.
शिसं मिसळलेले रंग काळवंडतात, हे मला ठाऊक आहे;
अप्सरांचे गोरे गाल आधी जातील,
मग वादकांचे, शेवटी अमिताभाचे.
लाजवर्द टिकेल. हिरवा टिकेल.

त्या रात्री सगळे झोपल्यावर
मी दिवा घेऊन डाव्या कोपऱ्यापाशी बसलो.
मला चित्र येत नाही. रेघ येते.
हिरव्याने
एका पाकळीची कड
बाहेर वळवली, नखाएवढी.

सकाळी सुओने पाहिलं.
खूप वेळ काही बोलला नाही,
मग म्हणाला,
"हिरवा थोडा आणखी बारीक कुटायला हवा होतास."