नमुना क्रमांक चौदा

तीन मुलं आली दारात.
पायांत रबरी बूट, गळ्यात शाळेची ओळखपत्रं. सातवीची.
मी म्हटलं, बिस्किटं नकोत मला,
गेल्या वर्षीचीच पडून आहेत.
"विकत नाही काही," उंच मुलगी म्हणाली,
"तुमच्या विहिरीचं पाणी मागायला आलोय."

पन्नास वर्षांत आयोवाच्या या मक्यात
कुणी माझ्याकडे पाणी मागितलं नव्हतं.

न्याकिम तिचं नाव. आई टर्कीच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
दुसरा टेओडोरो. तिसरा एमेट ब्रूक्सचा नातू,
तो मी कानांवरूनच ओळखला.
नळ पाच मिनिटं वाहू द्यायचा,
बाटलीच्या तोंडाला बोट लावायचं नाही.
टेओडोरोनं लावलं.
दुसरी बाटली. पुन्हा पाच मिनिटं.
मी माझ्याच स्वयंपाकघरात पाहुणीसारखी उभी.

मग फॉर्म.
विहीर कधीची? अडुसष्टची. ऑर्विलनं खणवली.
किती फूट? चाळीस.
शेत किती लांब?
मी पडदा सरकवला.
घरात तान्हं बाळ आहे?
माझं वय दिसत नाही का गं तुला?
ती हसली नाही. "विचारावंच लागतं,"
म्हणत 'नाही'वर खूण केली.

कागदाची पट्टी पाण्यात बुडवली, गुलाबी झाली.
एमेटचा नातू म्हणाला, फिकीच आहे.
ती म्हणाली, खिडकीपाशी ये आणि बघ.
तिघं रंगांच्या तक्त्यावर वाकून भांडली,
लोक जसे गाईच्या किमतीवरून भांडतात.
शेवटी आकडा: सतरा.
दहाच्या वर नको असतो.
आणि मग पाठ केलेलं वाक्य:
"एका नमुन्यानं काही सिद्ध होत नाही.
आम्ही अजून दोनदा येऊ."

तोवर?
"तोवर विकतचं प्या. उकळू मात्र नका.
उकळलं की नायट्रेट वाढतं."

वाढतं?

"पाणी उडून जातं, ते खाली राहतं."
आणि तान्ह्याचं का विचारलंस?
"दुधाची पावडर या पाण्यात कालवली
तर रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही.
बाळ निळं पडतं," ती म्हणाली,
धडा म्हणून दाखवतात तशी,
आणि पट्टी पिशवीत घालून तारीख लिहिली.

चौऱ्याहत्तर. मार्च.
आधी ओठ.
डॉक्टर म्हणाले, हृदय.
मी पाणी उकळत होते. रोज.
वीस मिनिटं, घड्याळ लावून,
आई म्हणायची तसं, अगदी नीट.

मुलांना मी ती जुनी बिस्किटं दिली.
त्यांनी खाल्ली.

महिन्याभरानं शाळेच्या व्यायामशाळेत सभा झाली.
बास्केटबॉलच्या रेषांवर गावाचा नकाशा अंथरलेला,
एकसष्ट विहिरी, एकसष्ट बाटल्यांची झाकणं:
हिरवी, पिवळी, लाल.
लोक आपापलं घर शोधत मोजे घालून हिंडत होते.
खताच्या सोसायटीचा माणूस हाताची घडी घालून म्हणाला,
"एका नमुन्यानं काही सिद्ध होत नाही."
"म्हणूनच परत जाणार आहोत," न्याकिम म्हणाली.
"तुमच्याकडे मंगळवारी. चालेल?"
तो "बघू" म्हणाला. मागे कुणीतरी खुसखुसलं.
आमच्याकडे माणसाचं पाणी जोखायला
आयुष्य जातं म्हणतात.
या पोरांनी पाच मिनिटं नळ सोडला.

तिसऱ्यांदा आली ती एप्रिलमध्ये.
अठरा, मग सोळा, आता पुन्हा सतरा.
फॉर्म तोच, प्रश्न तेच, क्रमही तोच.
विहीर कधीची. किती फूट. शेत किती लांब.
घरात तान्हं बाळ आहे?
"होतं," मी म्हटलं.

तिची पेन्सिल थांबली.
'आहे'साठी चौकट होती, 'नाही'साठी होती.
टेओडोरो नळाकडे बघत राहिला, नळ वाहत राहिला,
आणि पाच मिनिटं झाली तरी कुणी बंद केला नाही.

"नाव?" तिनं विचारलं.
मार्ना.
तिनं समासात लिहिलं, बारीक अक्षरात,
आणि कागद माझ्याकडे वळवला:
बरोबर आहे का, बघा.