काम निरंक

कात्रक रोडवरचा एकशे सत्तावन्न नंबरचा पर्जन्यवृक्ष
गेल्याच वर्षी मेला होता. तोडायची मंजुरी यायला
अकरा महिने लागले. त्याला तशी घाई नव्हती.

सकाळी सातला टोळी टेम्पोतून उतरली.
सुर्वे मुकादमानं दोर टाकले, रस्ता अडवला,
करवतवाल्यांनी पेट्रोल भरलं,
आणि जान्या वरठा
फुटपाथवर फतकल मारून बसला.
मांडीवर कुऱ्हाड, पुढ्यात निसणा,
बिसलेरीच्या कापलेल्या बुडात पाणी.

"पाजवतोय," म्हणाला,
तान्ह्या वासराबद्दल सांगावं तसं.

मी उद्यान खात्याचा कारकून. माझ्याकडे रकाने आहेत:
नाव, वेळ, फांद्या, घनफूट, शेरा.
धार लावण्याचा रकाना नाही.
सात ते आठ, वरठा : काम निरंक.

रस्सर, रस्सर. मग अंगठा आडवा फिरवून चाचपणं,
पातं कानाशी धरून नखानं टिचकी.
"झाड तोडायचंय की दाढी करायचीय?" मुकादम ओरडला.
जान्यानं मनगटावरचे चार केस भादरून दाखवले.
सगळे हसले. मीही.

साडेनवाला करवत किंचाळली. साखळी तुटून
समोरच्या इराण्याच्या पायरीपर्यंत गेली.

बुंध्यात खिळे होते.
मूळव्याधीवर खात्रीशीर इलाज, गणिताच्या शिकवण्या,
खोली भाड्याने फक्त शाकाहारी, हरवला आहे पोपट.
पाट्या कधीच गेल्या. झाडानं खिळे गिळले,
वरून साल ओढून घेतली,
आणि वाढत राहिलं.

मग जान्या उठला.
घाई नाही. दोन बोटं सरकून एक घाव,
लाकूड कुठे काळं पडलंय ते बघून दुसरा.
एकेक खिळा त्यानं काट्यासारखा बाजूनं कोरून काढला.
मी म्हटलं, दांडा गोतास काळ म्हणतात, जान्या.
"दांडा तिवसाचा, जव्हारचा," तो म्हणाला,
"आणि हे झाड साहेबानं बोटीतून आणलेलं.
गोत कुठलं?"

एक खिळा मात्र चुकला. पात्याला गव्हाएवढी खोच पडली.
शिवी नाही, काही नाही. पुन्हा बसला.
मुकादमानं घड्याळ पाहिलं. मी पेन उचललं
आणि तसंच धरून ठेवलं.

बापाच्या हातात ही वीतभर होती, तो सांगत होता.
आता चार बोटं.
"बाकीची गेली कुठे?"
त्यानं बाटलीचं बूड उचललं, राखाडी पाणी दाखवलं,
आणि ते एकशे अठ्ठावन्न नंबरच्या मुळाशी ओतलं.

रात्री घरी टोमॅटो कापायला घेतला.
सुरी नुसती दाबत होती. लग्नातली सुरी, सतरा वर्षांची.
कप पालथा घातला, बुडाच्या खरखरीत कडेवर
घासू लागलो.
"काय चाललंय?" आतून कुणी विचारलं.
शब्द ओठांवर आला होता.

टोमॅटो चिरडलाच.
कुठल्या कोनात धरायची,
उद्या विचारायला हवं.