कच्चा आवाज

गोळीबार चौकात मला अजून
‘मेलेला पोट्टा’ म्हणतात, प्रेमानं.
पानठेल्यावरचा बंडू निनावे गिऱ्हाइकाला दाखवतो :
हा पाहा, इंटरवलच्या आधी मरते तो.
गिऱ्हाईक माझ्या टकलाकडे बघतं
आणि खर्रा घोटायला सांगतं.

सातव्या वर्षी रामटेकच्या पायऱ्यांवर
मी चौदा वेळा मेलो.
बाबांचा माग त्या आठवड्यात बंद होता.
ते माझ्या डोक्यावर छत्री धरून उभे, उन्हाची,
आणि टेक सुरू झाला की बाजूला सरून
माझंच वाक्य ओठांत पुटपुटत.
वाक्य होतं : आई, मला का गं थंडी वाजते?
मी म्हणायचो : माय, मले काऊन थंडी वाजून रायली?
दिग्दर्शक हसले. बोलू दे त्याला, म्हणाले,
हा कच्चा आवाज, नंतर पुसायचाच आहे.

पुसला.

सदरच्या टॉकीजमध्ये पडद्यावर माझं तोंड उघडलं
आणि आतून भलतंच कुणी बोललं,
धुतलेलं, इस्त्री केलेलं.
मायनं माझा हात दाबला. काही बोलली नाही.
समोर मी मरत होतो, सगळी टॉकीज रडत होती,
आणि ती अंधारात
पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती,
हा आहे ना इथे, अशी.

मग मिसरूड फुटलं. बोलावणी थांबली.
एका लेखकाचे सीन मी सुवाच्य अक्षरात उतरवायचो,
सीनमागे सहा रुपये.
उतरवता उतरवता एक ओळ माझी घुसवली,
त्याच्या लक्षात आलं नाही.
धंदा सुरू झाला तो असा.
नंतर मालिका. सासूच्या तोंडी, इन्स्पेक्टरच्या तोंडी,
अकराशे भाग, सगळे इथेच बसून, कूलरसमोर.
दर महिन्यात एखादा ‘काऊन’ ठेवून पाहायचो.
मुंबईहून लाल गोल होऊन परत यायचा :
‘का’ करा. दोन अक्षरं वाचतात.
त्या वाचलेल्या अक्षरांवर पोरगी इंजिनिअर झाली.
तक्रार कोणाकडे करू?

मागच्या मे महिन्यात फोन आला.
मी कूलरमध्ये पाणी भरत होतो.
“हेडाऊ ना? मी मृदुला आठल्ये, पुण्याहून. मी तुझा आवाज.”
एक्याऐंशीच्या त्या गळ्यात, तळाशी,
मी होतो. सात वर्षांचा. तापलेला.
म्हणाल्या, “चेहरा पाठ झाला होता रे तुझा,
ओठ तर अजून डोळ्यांपुढे हलतात.
पण तू मुळात बोलायचास कसा? मला तर
नुसतं चित्र दाखवलं होतं.”
बादली भरून वाहत होती.
मी म्हणालो, मलाही आठवत नाही, ताई.

आता हा नवा सिनेमा. निर्मात्याला मूल मरायला हवंय,
तापानं, इंटरवलच्या आधी.
पाचपावलीच्या शाळेत वाचन ठेवलं.
वेदू सोनकुसरे, सात पूर्ण, समोरचे दोन दात नाहीत.
बोटानं ओळ धरून त्यानं पान संपवलं,
नाक पुसलं, आणि मला विचारलं :
“पण मीच काऊन मरू?”
मास्तर ओरडले, गप्प बस बे.
रेकॉर्डर चालू होता.

ते तेवढंच काढून रात्री पुण्याला पाठवलं.
खाली काय लिहावं सुचलं नाही, तसंच गेलं.
मग स्क्रिप्ट उघडलं. सीन सत्तेचाळीस.
‘मूल डोळे मिटतं’ खोडलं.
‘ताप उतरतो. पाणी मागतं.’
निर्माता ठेवेल असं वाटत नाही.

साडेअकराला त्यांचं उत्तर :
“अस्सा होता होय! किती गोड.
हे आधी ऐकलं असतं, तर मी बोललेच नसते.”

वेदूचं नाव टाइप केलं.
पुसलं.
खाली कूलरची टाकी खडखडत होती,
पाणी संपलं होतं,
उठून भरायला गेलो.