गाडीतळ

कंडक्टर विचारतो, आज शाळा नाही का?
उर्वी म्हणते, ही शाळाच आहे.
तो चार अर्धी, एक पूर्ण तिकीट काढतो
आणि माझ्याकडे बघतो
जसे सोसायटीतले बघतात
सकाळी अकराला मुलं जिन्यावर दिसली की.

रात्री जागून मी नकाशा काढला होता.
इकडे होळकरांचं घोडदळ, तिकडे शिंद्यांच्या तोफा,
पेशव्यांची माणसं शिंद्यांच्या बाजूला.
अठराशे दोन. दिवाळीचे दिवस.
लाल शाईचे बाण, निळ्या शाईचे बाण,
मध्ये कोरा कागद,
म्हणजे माळ.

हडपसर गाडीतळाला उतरलो.
तोफांचे गाडे इथंच सोडायचे का?
माहीत नाही, मी म्हणते.
दिवाळी होती, तर लोकांना आधी फटाकेच वाटले असतील?
तेही माहीत नाही.
घरची शाळा घेतल्यापासून
हे वाक्य मला चांगलं म्हणता येतं.

माळ नव्हता. पाटी नव्हती.
उड्डाणपूल होता, त्याखाली झोपलेला एक रिक्षावाला,
मोबाइलची कव्हरं, उसाचा रस.
मल्हार नावामुळे होळकर झाला,
उर्वी आडनावानंच शिंदे.
झोया बागवान दोघांकडे बघत राहिली:
मग शत्रू कोण?

अन्वय सगळ्यांत धाकटा. त्याला पल्ला मोजायचा होता.
हजार पावलं, तोफगोळ्याची.
पुलाच्या खांबापासून निघाला तो, मोठ्यानं आकडे म्हणत,
हातगाड्यांमधून, मंडईत,
सहाशे बारा, सहाशे तेरा,
आणि कोथिंबिरीच्या ढिगापाशी अडला.
ढीग वळसा घालून गेला तर पावलं धरायची का?

बीट विकणाऱ्या मावशींनी मान वर केली.
काय हरवलं गं पोरांचं?
लढाई, झोया म्हणाली.
कुणाची?
दोन्हीकडे आपलेच होते, उर्वीनं सांगितलं, जरा नाराजीनंच.
हां, म्हणजे भावकीची, मावशी म्हणाल्या,
बिटाची माती अंगठ्यानं काढत.
आमची चालूय की अजून.
पलीकडं त्या टॉवरच्या जागी वावर होतं आमचं.
तेवीस वर्षं झाली. पुढची तारीख चौदाला.

मुलांनी टॉवरकडे पाहिलं.
नकाशा माझ्या हातात घामानं मऊ पडला होता.
कोण जिंकतंय? मल्हारनं विचारलं.
वकील, मावशी म्हणाल्या.

येताना खिडकीवरून मल्हार आणि उर्वी भांडले.
मध्ये बसले मी, मांडीवर अर्धा किलो बीट.
अन्वयची वही संध्याकाळी तपासली:
"लढाईची जागा सापडली नाही.
पावले ६१३, पुढे कोथींबीर.
मावशींची तारीख १४. परत जायचे आहे."

कोथिंबिरीतली वेलांटी तेवढी ऱ्हस्व केली.
बाकी काही खोडलं नाही.